सुरवायाचा मठ – आईला घेऊन एका दिवसात होईल का?

लश्करवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक झालाय, आधीच माफी मागतो.

मागच्या वर्षी लेकीकडे इंग्लंडात लीड्सला दोन महिने राहून आलो, आई पण होती सोबत (वय ७४, हट्टाने आली). तिथे जावयांनी एका रविवारी फाउंटन्स ॲबी दाखवायला नेलं. यॉर्कशायरमध्येच रिपन म्हणून गाव आहे त्याच्याजवळ, ख्रिस्ती साधूंचा जुना मठ, ११३२ सालचा, यॉर्कच्या मठातून भांडून निघालेल्या १३ साधूंनी सुरू केलेला. आता नुसते अवशेष. छप्पर नाही, खिडक्यांत काचा नाहीत, आत हिरवंगार गवत, पण भिंती एवढ्या उंच की वर बघून मान दुखते. आठव्या हेन्रीने देशातले सगळे मठ बंद केले त्यात १५३९ मध्ये हाही गेला, मग छपरावरचं शिसं काढून नेलं, आणि एकदा छप्पर गेल्यावर पुढचं काम पावसाने केलं. एक कोठार मात्र शाबूत आहे, ९० मीटरच्या आसपास लांब असेल, कमानींच्या रांगा संपतच नाहीत. आणि एक खोली होती, तिच्यात दोन दांडगी चुलाणं, थंडीत साधूंना शेकायला. आई तिथे बसली आणि म्हणाली, "एवढ्या माणसांचा स्वयंपाक कुठे व्हायचा रे?" जावयांनी पाट्या वाचून ती जागा पण दाखवली बिचाऱ्यांनी.

तर तेव्हापासून आईचं सुरू आहे, आपल्याकडे असं काही नाही का. मी म्हटलं अगं आपला ग्वाल्हेरचा ढोलीबुवांचा मठ आहे की, कीर्तनाला जातोच आपण. तर म्हणते तो चालता मठ झाला, मला पडका दाखव, ज्यात पूर्वी माणसं राहायची. (मातोश्रींना पडकं बघायची हौस आहे. आमच्या वाड्याच्या भिंती बघून ती भागत असेल असं मला वाटायचं.)

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड मास्तर आहेत ते म्हणाले शिवपुरीच्या पुढे सुरवायाला जा, शैव साधूंचा हजार वर्षांचा मठ उभा आहे. खरं सांगतो, ५८ वर्षं ग्वाल्हेरात काढली, शिवपुरीला पन्नास वेळा गेलो असेन, सुरवायाचं नाव फक्त झाशी रोडवरच्या पाटीवर वाचलंय.

आता विचारायचं हे की सकाळी निघून रात्रीपर्यंत परत, असं आरामात होतं का? आईचे गुडघे धड नाहीत, सपाट चालते, चढ नको. आणि मुळात एवढं जाण्यासारखं आहे का? की फोटोतच बरं दिसतं? स्वतःची गाडी आहे, ड्रायव्हर मीच.

पोहे_विथ_शेव

काका स्पष्ट बोलतो राग मानू नका. आम्ही चार मित्र गेलो होतो बाइकवर, मे महिना, पोचलो तर दगडंच दगडं. एक भिंत, आत दोन-तीन देवळं ती पण शिखरं नसलेली, एक चौकोनी दगडी घर, एक बावडी (पायऱ्यांची विहीर), संपलं. अर्ध्या तासात बाहेर. इंग्लंडचं ते बघून आल्यावर आजींना हे म्हणजे काहीच वाटणार नाही. त्यापेक्षा मितावली-पढावली-बटेश्वरची जुनी देवळं करा, ग्वाल्हेरपासून जवळ आहे, बटेश्वरला तर पडलेली देवळं दगड जोडून-जोडून परत उभी केली आहेत, बघतच राहाल. नाहीतर नरवरचा किल्ला. सुरवाया स्किप.

बावडीप्रेमी

पोहेभाऊ, मे महिन्यात दुपारी बाइकवरून जाऊन कुणालाही ताजमहालसुद्धा दगडंच दगडं दिसेल 😄

लश्करवाला दादा, जा. नक्की जा. पण कशासाठी जायचं ते आधी नीट ठरवा, कारण भव्य बिव्य बघायचं असेल तर पोहेभाऊ म्हणतात ते खरं आहे, मान वर करायची वेळच येणार नाही. सुरवाया हे बघण्याचं नाही, शिरण्याचं ठिकाण आहे. देवळं आपण जन्मभर बघतो, पण देवळाच्या शेजारी जे लोक राहायचे, शिकायचे, झोपायचे, त्यांचं घर कुठे बघायला मिळतं? घरं लाकूड-मातीची, ती केव्हाच गेली. हे घर दगडाचं म्हणून राहिलं. दहाव्या शतकाच्या आसपासचं घर आणि त्याचं छप्पर अजून डोक्यावर आहे, हे तुम्ही फाउंटन्सला छप्पर नाही म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणि ते छप्पर कसलं आहे माहिती आहे का, पटियांचं, म्हणजे लांब दगडी फळ्यांचं! आपल्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या वाड्यांची छतं जशी दगडी पटिया टाकून केलेली असतात तसंच, खांबांवर दगडी तुळया, तुळयांवर पटिया. आमच्या आजोळी असंच छत होतं, उन्हाळ्यात दुपारी खाली चटई टाकून झोपायचो. मठात पहिल्यांदा शिरलो तेव्हा मला शिलालेख बिलालेख काही आठवलं नाही, आजोळची दुपार आठवली. तिकडे शेकायला चुलाणं लागतात, इकडे सगळी धडपड गारव्यासाठी, जाड भिंती, बारकी दारं, मध्ये उघडं अंगण.

आता कामाचं. एबी रोडने (जुना आग्रा-बॉम्बे रोड) ग्वाल्हेर–शिवपुरी साधारण ११५ किमी, पनिहार, घाटीगाव, मोहना, सतनवाडा करत. शिवपुरीतून झाशीकडचा हायवे धरायचा, वीस-बावीस किलोमीटरवर सुरवाया गाव. सकाळी सातला निघालात तर वाटेत चहा धरून दहाला तिथे. पण डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर सातला निघू नका, धुकं असतं, एबी रोडवर ट्रकच्या मागचा लाल दिवा शोधत गाडी चालवण्यात काही मजा नाही. ऊन वर आल्यावर निघा, दिवस लहान असला तरी होतं.

आत सगळं बहुतेक सपाट आहे. बाहेरून तट आणि खंदक दिसतो म्हणून लोक त्याला गढी म्हणतात आणि किल्ला समजून बघायला जातात, मग निराश होतात. तट नंतरच्या काळातला आहे, आधी मठ आणि तीन देवळं, मागून धामधुमीचे दिवस आले तेव्हा त्यांच्याभोवती भिंत घातली. देवळांची शिखरं गेली आहेत हे खरं, पण आत जाऊन वर बघायचं, छताचं कोरीवकाम फार सुरेख आहे. दारांच्या चौकटी पण. पोहेभाऊंनी वर बघितलं नसणार, पैज लावतो.

पोहे_विथ_शेव

वर बघितलं होतं. वटवाघळं होती 😐

जिवाजीगंजची_ताई

दादा मी माझ्या सासूबाईंना नेलं होतं, त्यांचं वय ७१, गुडघे तसेच. त्यामुळे इतिहास बाकीचे सांगतील, मी बायकांच्या कामाचं सांगते कारण ते कोणी सांगत नाही.

एक म्हणजे तिथे वॉशरूमच्या भरवशावर जाऊ नका, शिवपुरीत हॉटेलात थांबून नाश्ता करा आणि ते काम तिथेच उरका. आईंना लाज वाटते म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग परत येताना डोकं धरून बसतात, आमच्याकडे हेच झालं होतं. दुसरं, मठाची दारं बुटकी आहेत, उंबरे आहेत, बाहेरच्या उन्हातून आत गेलं की दोन मिनिटं काही दिसत नाही. तेव्हाच माणूस ठेचकाळतं. हात धरा आणि दारातच थोडं उभं राहा. मोबाइलचा टॉर्च लागेलच. बावडीच्या पायऱ्या मात्र उतरू देऊ नका, वरून बघितलं तरी पुरे, पावसाळ्यानंतर शेवाळ असतं.

तिसरं, घडीचं स्टूल न्या, ते कॅम्पिंगवालं. आमच्या सासूबाई अंगणात स्टुलावर बसल्या आणि आम्ही फिरत राहिलो, परत येऊन बघतो तर गावातल्या दोन बायका त्यांच्याशेजारी बसून गप्पा चालल्यात, त्या बुंदेलीत बोलतायत, सासूबाई मराठीत, आणि तिघींना सगळं कळतंय.

डबा घरूनच. दशम्या आणि लसणाची चटणी टिकते. जेवण मात्र आत करू नका, बाहेर झाडाखाली करा.

आणि हो, एक धडा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा फाटकाला कुलूप. चावीवाला जेवायला गेला होता, तासभर वाट बघितली. म्हणून दुपारी एक ते अडीच टाळा.

लश्करवाला

ताई, फार उपकार झाले, स्टूल लगेच आणतो. बावडीप्रेमी, पटियांचं वाचून आईला सांगितलं, ती म्हणाली मग तर जायचंच. आमच्या मागच्या खोलीला अजून पटियाच आहेत, एकीला चीर गेली आहे ती मी दहा वर्षं बघतोय.

आता अजून एक. हे साधू नेमके कोण? मास्तर "मत्तमयूर" असं काहीतरी म्हणाले, मला वाटलं चेष्टा करतायत. आणि रन्नोद, कदवाया अशी पण नावं घेत होते, ती त्याच दिवशी होतात का?

टाकीछिन्नी

चेष्टा नाही काका, मत्तमयूर हेच नाव. मत्त म्हणजे मदात आलेला, पिसारा फुलवून नाचणारा मोर डोळ्यांपुढे आणा. शैव सिद्धांत मानणाऱ्या साधूंची ही शाखा, आणि तिचं माहेर म्हणजे आपलाच सगळा पट्टा, शिवपुरी-अशोकनगरचा.

यांची वंशावळ सापडते ती रन्नोदच्या शिलालेखात. रन्नोद शिवपुरी जिल्ह्यातच दक्षिणेला आहे, जुनं नाव रणिपद्र. तिथला मठ गावात खोखई मठ म्हणून ओळखतात, तो पण असाच दगडी आणि दुमजली. त्या लेखात गुरूंची माळच दिली आहे, कदंबगुहेत राहणारे, मग शंखमठिकेचे अधिपती, मग तेरंबीचे, मग आमर्दकतीर्थाचे, मग पुरंदर, पुढे कवचशिव, सदाशिव, हृदयेश, व्योमशिव. आता गंमत बघा, कदंबगुहा म्हणजे आजचं कदवाया, तेरंबी म्हणजे तेरही. हजार वर्षांपूर्वीची गुरुपरंपरा आणि आज एसटी जाते त्या गावांची नावं एकच! (एसटी म्हणजे इकडची खासगी बस, सवय जात नाही, माझं बालपण साताऱ्याचं.)

पुरंदराची गोष्ट मला फार आवडते. अवंतिवर्मा नावाच्या राजाला शैव दीक्षा घ्यायची होती, त्याने पुरंदराची कीर्ती ऐकली आणि खटपट करून त्याला आपल्या राज्यात आणलं. दीक्षा झाली, गुरुदक्षिणा म्हणून राजाने राज्याचं सार देऊन टाकलं, असे शब्द आहेत. मग पुरंदराने एक मठ मत्तमयूर नावाच्या ठिकाणी बांधला आणि दुसरा रणिपद्रला. म्हणजे शाखेचं नाव गावावरून पडलं. पुढे व्योमशिवाने रणिपद्रच्या मठाची डागडुजी केली आणि तळं बांधलं. मला यात राजापेक्षा तळं महत्त्वाचं वाटतं. या भागात उन्हाळ्यात पाण्याची काय स्थिती असते आपल्याला माहिती आहे, जो तळं आणि बावडी बांधेल त्याच्याभोवती गाव बसणारच. सुरवायाला बावडी मठाच्या जवळ आहे ती उगाच नाही.

फाउंटन्सशी तुलना केलीत म्हणून सांगतो, ती एका बाबतीत बरोबर बसते. तिकडे पण साधू जगापासून लांब म्हणून रानात गेले आणि शेवटी जमीन, मेंढ्या, लोकर यातून गब्बर झाले. इकडे पण तपस्वी म्हणून सुरुवात, मग राजाचे गुरू, मग गावं इनाम. फरक एवढाच की तिकडे राजाच मठांवर उलटला, इकडे राजे हात जोडून होते तोवर मठ वाढत गेले. पार चेदीच्या कलचुरी राजांपर्यंत पोचले. सीधी जिल्ह्यात चंद्रेहे म्हणून आहे, तिथे प्रबोधशिवाचा मठ आणि शेजारी देऊळ, शिलालेख ९७२ सालचा. तिथून पुढे थेट आंध्रात.

एका दिवसात सुरवाया आणि रन्नोद दोन्ही करू नका, आईंना घेऊन तर अजिबात नाही. रस्ते आतले आहेत आणि दोन्हींची घाई होते. रन्नोद-तेरही वेगळा दिवस. कदवाया अशोकनगर जिल्ह्यात पडतं, तिथे देवळांचा थवाच आहे, त्याला तर पूर्ण दिवस द्यायला हवा.

पोहे_विथ_शेव

टाकीछिन्नी दादा मस्त माहिती. पण मग माझा प्रश्न असा आहे की एवढं सगळं आहे तर ते तिथे लिहिलेलं का नाही? मी गेलो तेव्हा कुठली खोली कशाची काही कळायला मार्ग नव्हता. काकांच्या त्या ॲबीत आजींना स्वयंपाकघर सुद्धा दाखवता आलं. आम्हाला सुरवायाला सगळ्या खोल्या सारख्याच दिसल्या, म्हणून बोर झालो. चूक आमची कशी?

बावडीप्रेमी

नाही, ही तुझी तक्रार शंभर टक्के मान्य. खोल्याखोल्यांवर पाट्या नाहीत आणि माणूस रिकामा फिरून येतो. मी पण पहिल्यांदा तसाच आलो होतो.

पण यात एक आपल्या लोकांचा भाग आहे तो सांगून टाकतो, कारण मराठी मंडळींना पण माहिती नसतो. ग्वाल्हेर संस्थानाने १९१३ मध्ये स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं, त्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे. गूजरी महालातलं म्युझियम त्यांनीच उभं केलं, ते १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलं. आपण पाहुण्यांना शालभंजिकेची मूर्ती दाखवायला नेतो ना, तेच. तर या गर्द्यांनी सुरवायावर इंग्रजीत एक छोटी मार्गदर्शिका लिहिली होती. शंभर वर्षांपूर्वी, जेव्हा तिथे जायचं म्हणजे शिवपुरीहून टांगा करावा लागत असेल, तेव्हा एका मराठी माणसाला वाटलं की इथे येणाऱ्याच्या हातात काहीतरी छापील असावं. आणि आज हायवे आहे, गाडी आहे, आणि आपण विचारतोय जाण्यासारखं आहे का. काका तुम्हाला नाही बोलत, स्वतःलाच बोलतोय, मी ४० वर्षांचा झाल्यावर पहिल्यांदा गेलो.

कंपूकर

विषयांतर होईल पण परत येताना शिवपुरीत छत्र्या बघूनच या. सख्याराजेंची आणि समोर माधवराव महाराजांची. संध्याकाळी बरं वाटतं. आईंच्या पिढीला तिथे जास्त रस असतो, आमच्या आईने तर तिथल्या मूर्तींची पातळं-पोशाख बघण्यात तासभर घालवला.

आणि पोह्या, नरवर काय सुचवतोस ७४ वर्षांच्या बाईंना, चढ बघितलास का तो.

टाकीछिन्नी

स्वयंपाकघराचा विषय निघालाच आहे तर आजींसाठी एक गोष्ट. मघाशी म्हटलं ना की हे लोक आंध्रात पोचले, तर तिथे यांच्या गोळकी मठाचा शिलालेख आहे, मल्कापुरमचा, १२६१ सालचा. काकतीयांची राणी रुद्रमादेवी हिच्या काळातला, तिने मठाच्या गुरूला, विश्वेश्वर शंभूला, गाव दान दिलं. त्या लेखात उत्पन्न कुठे खर्च करायचं ते लिहिलंय, त्यात प्रसूतिशाळा आहे, आरोग्यशाळा आहे, शिकवणारे आहेत, आणि अन्नसत्र आहे, ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत कुणीही आला तरी त्याला जेवण. स्वयंपाक्यांची व्यवस्था पण लावून दिली आहे. म्हणजे एवढ्या माणसांचा स्वयंपाक कुठे व्हायचा हा आजींचा प्रश्न मठ चालवणाऱ्यांना पण रोज पडत होता. प्रसूतिशाळा वाचून मी पहिल्यांदा दचकलोच होतो. मठ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जटा आणि भस्म येतं, बाळंतिणी येत नाहीत.

जिवाजीगंजची_ताई

बाळंतिणींसाठी सोय आणि आपल्याला हे शाळेत कुणी सांगितलं नाही! सासूबाईंना वाचून दाखवते.

लश्करवाला

मंडळी, जाऊन आलो परवा. वृत्तांत देतो.

आठला निघालो, मोहनाला चहा, शिवपुरीत पोहे-जिलबी आणि ताईंनी सांगितलेलं बाकीचं काम. आई पाणी पीत नव्हती, ताईंची पोस्ट वाचून दाखवली तेव्हा प्यायली. साडेअकराला गढीत. आम्ही तिघंच, मी, सौ. आणि आई, आणि एक शेळ्या घेऊन बसलेला मुलगा. तो बाहेर होता, शेळ्या खंदकात.

आता खरं सांगतो, तटाच्या आत पाऊल टाकल्यावर माझ्या मनात पहिलं हेच आलं की पोहेभाऊ बरोबर होते. एवढंच? फाउंटन्सचा मनोरा डोळ्यांपुढे होता ना. पण मग आम्ही मठात शिरलो, दारात उभे राहिलो दोन मिनिटं डोळे बसेपर्यंत, आणि हळूहळू एकेक खांब दिसायला लागला, मग तुळया, मग वरच्या पटिया. बाहेर नोव्हेंबरचं ऊन पण चांगलं लागत होतं, आत एकदम गार. अंगणात उजेडाचा चौकोन पडलेला. आईने वर बघितलं आणि म्हणाली, "आपल्याच मागच्या खोलीसारखं आहे, फक्त चीर नाही." हा टोमणा मला होता.

स्टूल अंगणात टाकलं, पण ती बसली असेल पाच मिनिटं. मग उठली ती माझा हात धरून प्रत्येक खोलीत गेली. प्रत्येक! एक लहान, एक त्याहून लहान, एक लांबट दालन. टॉर्च मारायला लावायची छताकडे. मला वाटलं कोरीवकाम शोधतेय, तर नाही, काजळी शोधत होती. जिथे चूल असेल तिथे छत काळं असणार, असं तिचं म्हणणं. लग्न होऊन आली तेव्हा आमच्याकडे पंधरा माणसांचा स्वयंपाक चुलीवर होता, तिला बरोबर ठाऊक धूर कुठे जातो ते. एका कोपऱ्यात काळं दिसलं, लगेच जाहीर केलं, हे स्वयंपाकघर. मी म्हटलं आई, इथे गुराख्यांनी पण शेकोटी पेटवली असेल पाऊसपाण्यात, हजार वर्षांत कितीतरी लोक येऊन गेले. तर म्हणते गुराखी बाहेर पेटवतो, आत धुरात कशाला बसेल. आणि बघ, इथून बावडी जवळ पडते, पाणी आणायला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाकीछिन्नी, तुम्ही बघून सांगा काय ते. तोपर्यंत आमच्या घरात ते स्वयंपाकघर आहे.

बावडीत उतरू दिलं नाही, वरूनच बघितली. देवळांत वर बघितलं, कमळं फार सुंदर, पोहेभाऊ, वटवाघळं पण होती, तुम्ही खोटं बोलला नाहीत. सौ.ने दोनशे फोटो काढले, लेकीला पाठवले, जावयांचा लगेच मेसेज, छप्पर अजून आहे? कसं काय? मी रुबाबात लिहिलं, शिसं नव्हतं ना, दगड कोण चोरणार. नंतर आठवलं की आपल्याकडे गावोगावचे मठ-गढ्यांचे दगड लोकांनी घरं बांधायला नेलेच आहेत, पण ते काही लिहिलं नाही.

डबा बाहेर झाडाखाली. शेळ्यांवाल्या मुलाला दशमी दिली, त्याने चटणी नको म्हटलं, मग मागून घेतली. त्याला विचारलं हे काय आहे, तर म्हणाला "पुराने जमाने का स्कूल है." मास्तरांना सांगितलं, ते म्हणाले त्याने तुमच्यापेक्षा बरोबर सांगितलं.

छत्र्या राहिल्या. आई म्हणाली त्या तर बघितल्यात. सातला घरी.

एकच चुकलं, आम्ही फक्त दीड तास ठेवला होता, लागले तीन. त्यामुळे जाणाऱ्यांनी बाकी काही प्लॅन करू नये.

पोहे_विथ_शेव

आजी एक नंबर 🙏 काजळी शोधायचं आम्हाला चौघांना सुचलं नाही, रील काढण्यात होतो. थंडीत परत जातो, या वेळी मे नाही.

टाकीछिन्नी

काका, बावडी जवळ असण्याचा आईंचा मुद्दा बिनतोड आहे. काळ्या छताचा पुरावा म्हणून मी घेणार नाही, पण वाद घालायला त्यांच्यासमोर पण येणार नाही. सरस्वतीपत्तन हे सुरवायाचं जुनं नाव, ते सांगायचं राहून गेलं होतं, त्या मुलाचं "स्कूल" त्याच्याशी किती छान जुळतं बघा.

लश्करवाला

सरस्वतीपत्तन! हे आधी सांगायचं ना राव, त्या पोरालाच सांगितलं असतं.

आता आईने रन्नोद ऐकलंय. संक्रांत झाल्यावर धुकं कमी झालं की जायचं ठरतंय, गाडीत मागे दोन जागा आहेत. टाकीछिन्नी, येणार असाल तर कळवा, आईला शिलालेख वाचून दाखवणारं कुणीतरी पाहिजे. दशम्या आमच्याकडून.